जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय? सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मिस्त्री नाही. २००९ सालची एक छोटी पेट्रोल गाडी आणि तिच्याहून जुनी मोटरसायकल गेली कित्येक वर्षं सांभाळतोय. दोन्हीच्या पेट्रोलची वही लिहितो, म्हणून शेजारीपाजारी आणि पाहुणे मला विचारतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

ॲव्हरेज खरंच पडलंय हे ठरवायचं कसं?

टाकी ते टाकी. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथं थांबायचं, वरून “राउंड फिगर करा” म्हणायचं नाही. किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. मग नेहमीसारखी गाडी चालवा, निदान तीनशे किलोमीटर. परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. समजा आकडा ५८,२१४ वरून ५८,५२६ वर गेला आणि १९.५ लिटर बसलं. ३१२ भागिले १९.५, म्हणजे १६. हे झालं तुमचं ॲव्हरेज. असं तीन टाक्या करा. एका टाकीवर निकाल देऊ नका.

मी दोनशेचं पेट्रोल टाकतो आणि काटा किती उतरला ते बघतो. चालतं की नाही?

नाही चालत. काटा हा अंदाज आहे, तोही जुन्या गाडीतला. शिवाय टाकी भरताना कट कधी अर्धा लिटर अलीकडे पडतो, कधी पलीकडे. वीस लिटर भरलं तर या अर्ध्या लिटरची चूक अडीच टक्के होते. पाच लिटरच भरलं तर तीच चूक दहा टक्के. ॲव्हरेज पडलं म्हणून येणाऱ्या दर चार-पाच जणांत एकाची तक्रार इथंच मिटते, असा माझा अनुभव आहे.

कंपनी २२ सांगते, मला १६ मिळतं. म्हणजे बिघाडच ना?

तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर ठरलेल्या पद्धतीने गाडी चालवून काढलेला असतो. तिथं सात रस्त्याचा सिग्नल नसतो, मध्येच आडवी येणारी रिक्षा नसते. कंपनीच्या आकड्याशी तुलना सोडा. तुमच्याच गाडीचा दोन वर्षांपूर्वीचा आकडा किती होता, तो खरा. वही नसेल तर आजपासून सुरू करा.

तुलना करताना दिवसही बघा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या आसपास जो महिनाभर फिरला, त्याचं ॲव्हरेज पडणारच. ऊस हंगामात मंगळवेढा किंवा पंढरपूर रस्त्यावर दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे तिसऱ्या गिअरवर रखडलात तरी तेच. तुळजापूरला जाऊन मोजायचं तर फेरी पूर्ण करूनच मोजा, कारण जाताना घाट चढायचा असतो आणि येताना उतरायचा.

किती पडलं तर गंभीर समजायचं?

पाच टक्क्यांपर्यंतचा फरक हवा, गर्दी आणि पंप यांतच येतो. दहा टक्के सलग तीन टाक्या दिसले तर शोधाला लागा. आणि १६ चं एकदम १२ झालं असेल तर काहीतरी ठळक बिघडलंय. ते सापडतंच.

हळूहळू पडलं की एका महिन्यात, हेही आठवून बघा. हळूहळू पडणारं बहुधा झीज, घाण, प्लग असल्या गोष्टींमुळे असतं. एकाएकी पडलं असेल तर ज्या दिवशी गाडी गॅरेजमधून आली, टायर बदलले किंवा बॅटरी काढली, त्या दिवसाची तारीख बघा.

ई-२० पेट्रोल आल्यापासूनच कमी झालंय. दुसरं कारण कशाला शोधायचं?

आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतंय, तेव्हा या विषयावर पारावर कडाक्याचं भांडण होणारच. पण हिशोब सरळ आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये जवळपास सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि आधीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या, ई-१० साठी बसवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि तशाच दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती.

म्हणजे १६ चं १५ झालं तर इथेनॉलला बोल लावा. १६ चं १२ झालं तर नाही. सगळं खापर ई-२० वर फोडून लोक ब्रेक जाम झालेली गाडी वर्षभर ओढत राहतात, हे मी स्वतः बघितलंय.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर मिश्रण सावरून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सोडवतं आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, येऊन अडकतो. जुने रबरी पाइप आणि वॉशरही त्यात लवकर खराब होतात. अशी गाडी असेल तर पेट्रोलचा पाइप आणि फिल्टर बदलून टाका, फार खर्च नाही.

पंपावर माप कमी देत असतील तर?

शंका असेल तर भांडू नका, तपासायला सांगा. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. म्हणजे प्रामाणिक पंपांमध्ये फरक पडला तर अर्धा टक्का पडेल. भरायला सुरुवात होताना मशीनवर शून्य बघायला विसरू नका. आणि दोन महिने पंप बदलून बघा. दुसऱ्या पंपावरही तोच आकडा आला तर पंप सुटला, गाडी सापडली.

पहाटे थंड पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं म्हणे?

टाक्या जमिनीखाली असतात. एप्रिलमध्ये वर ४३ डिग्री असलं तरी खालच्या पेट्रोलचं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. हललं तरी एका डिग्रीला फरक पडतो हजारातल्या एका भागाइतका. झोप मोडू नका.

बरं, मोजलं. खरंच वीस टक्के पडलंय. आता सुरुवात कुठून?

पहिला प्रश्न एकच विचारा: इंजिन जास्त पितंय, की गाडी मोकळी पळत नाही? हे दोन वेगळे रोग आहेत. मिस्त्री पहिल्याचं औषध देतो आणि रोग असतो दुसरा, असं फार वेळा होतं. प्लग, फिल्टर, इंजेक्टर सफाई, सेन्सर, सगळं करून झालं आणि शेवटी कळलं की मागचं चाक धरत होतं.

म्हणून आधी मोकळेपणा बघा. पहाटे अक्कलकोट रोडसारखा सपाट, रिकामा रस्ता गाठा. मागे कोणी नाही याची खात्री करून ५० च्या वेगाला न्यूट्रल करा आणि इंजिन चालू ठेवूनच गाडी आपोआप २० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोजायला सांगा. लगेच वळून उलट दिशेनेही तेच करा, म्हणजे वारा आणि उतार वजा होतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा. गाडी दोन्हीकडे लवकर मंदावत असेल, आपल्या नेहमीच्या उतारावरही लोळत नसेल, तर बॉनेट उघडू नका. चाकांकडे जा.

ब्रेक धरतोय हे घरी कसं ओळखायचं?

पंधरा-वीस किलोमीटर चालवून या. शेवटचा ब्रेक शक्यतो हलका मारा. उतरून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, लावू नका, नाहीतर भाजेल. चारपैकी एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम वाटलं तर तेच. गंधही येतो. नंतर गाडी थंड झाल्यावर बाकीच्या चाकांना दगड लावून ते चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. थोडा घासण्याचा आवाज चालतो, पण एक-दोन फेऱ्या तरी मोकळ्या जायला हव्यात.

पुढच्या डिस्कमध्ये बहुधा कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून किंवा ग्रीस सुकून अडकलेल्या असतात. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल. ही केबल आतून गंजते, लिव्हर खाली केला तरी लायनर पूर्ण सुटत नाही. आठवडाभर हँडब्रेक ओढून उभी राहणारी गाडी असेल तर संशय इथंच घ्या. बेअरिंगही त्याच वेळी बघा: चाक फिरवताना गरगर आवाज आला तर बेअरिंग गेलं.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी का?

उलट आहे ओ! कमी हवेचा टायर जास्त चपटा होतो, प्रत्येक फेरीला वाकतो, म्हणून जास्त तापतो. फुटायचा धोका त्यालाच. आणि ॲव्हरेजही तोच खातो. ड्रायव्हरच्या दारात खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा पाळा. हवा सकाळी, गाडी उभी असताना तपासा. दुपारी विजापूर रोडवरून येऊन तापलेल्या टायरची हवा बघितली तर जास्त दिसेल आणि हवावाला ती काढून टाकेल. मग रात्री टायर बसलेला.

मी थोडे मोठे टायर टाकले. त्याने फरक पडतो?

पडतो, आणि गंमत अशी की अर्धा फरक खोटा असतो. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर जातो, पण मीटर फेऱ्याच मोजतो. गाडी प्रत्यक्षात १०० किलोमीटर जाते आणि मीटर ९६ दाखवतो. तुम्ही ९६ ला भाग देता आणि ॲव्हरेज पडलं म्हणता. मोबाइलच्या जीपीएसवर पुणे रोडला पन्नास किलोमीटर मोजा आणि मीटरशी ताडून बघा. रुंद टायरचा खरा तोटाही असतोच, तो वेगळा. जुन्या मोटरसायकलमध्ये मीटरची केबल किंवा तिचं प्लास्टिकचं गिअर झिजलं तरी हाच घोळ होतो.

चाकं मोकळी आहेत. आता इंजिनकडे. तिथं पहिलं काय?

इंजिनचं तापमान. इथं माझीच गोष्ट सांगतो, कारण या गावात ती खूप जणांची आहे.

मे महिन्यात माझी गाडी गर्दीत तापली. मिस्त्रीने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला. म्हणाला, “सोलापुरात कशाला लागतोय ओ, हा थंड मुलखातला पार्ट.” मला पटलं. गाडी तापायची थांबली, मी खूश. हिवाळ्यात ॲव्हरेज साडेसोळावरून चौदाच्या खाली आलं. मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. काडीचा फरक नाही. कितीतरी महिन्यांनी एका ओळखीच्या पोराने स्कॅनर लावला. पुणे रोडला ८० च्या वेगाने इंजिनचं पाणी ६२ डिग्री दाखवत होतं. असायला हवं ८० ते ९५.

झालं असं: थर्मोस्टॅट नसला की पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन लायकीचं गरमच होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, तो थंड इंजिनासाठीचं जास्त पेट्रोल देत राहतो. तेलही दाट राहतं. बाहेर कितीही ऊन असलं तरी बेचाळीस डिग्री म्हणजे इंजिनाच्या हिशोबाने थंडीच. गाडी तापण्याचं खरं कारण होतं पंख्याचा रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच. तो बदलल्यावर आणि थर्मोस्टॅट परत बसवल्यावर ॲव्हरेज सोळावर आलं.

याचाच भाऊ म्हणजे “पंखा डायरेक्ट करून दिला” हा इलाज. चावी लावली की पंखा सुरू, बंद होणार कधी तर गाडी बंद केल्यावर. तुमच्या गाडीत हे केलेलं असेल तर काढून घ्या. स्कॅनर नसला तरी तापमानाचा काटा बघा. हायवेला पंधरा मिनिटं चालूनही काटा खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट नाही, अडकलाय, किंवा तापमानाचा सेन्सर खोटं बोलतोय.

माझं रोजचं अंतर नवी पेठ ते भैया चौक. त्याचा संबंध?

खूप मोठा. दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन गरमच होत नाही, चालवायला घेतल्यापासून बंद करेपर्यंत ते दाट मिश्रणावर (पेट्रोल जास्त, हवा कमी) असतं. नोकरी बदलली, शाळा जवळची झाली, लॉकडाऊननंतर घरूनच काम सुरू झालं, आणि ॲव्हरेज पडलं, तर गाडीत काही शोधू नका.

एअर फिल्टर बदलला तर किती वाढेल?

कार्बोरेटरच्या गाडीत वाढेल, कारण हवा अडली की मिश्रण दाट होतं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर हवा मोजून तेवढंच पेट्रोल देतो, त्यामुळे घाणेरड्या फिल्टरने पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं नाही. डिझेलमध्ये काळा धूर येतो. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ इतकी आहे की फिल्टर वेळेत बदलाच. पण बदलला म्हणजे रोग गेला असं समजू नका.

प्लग बघून काही कळतं का?

बरंच कळतं. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थंड झाल्यावर प्लग काढा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन नीट जळतंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळं म्हणजे तेल वर येतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघा. पांढरट म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल बघा. चारही सारखे काळे असतील तर सगळ्यांना सामाईक असलेली गोष्ट शोधा: सेन्सर, पेट्रोलचा दाब, तापमान.

स्कॅनरवर काय वाचायचं? मिस्त्री नुसता “एरर नाही” म्हणतो.

एरर नसली तरी आकडे असतात. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असेल तर स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलला जोडता येतं. फार जुन्या गाड्यांना ते जुळत नाही. दोन गोष्टी बघा. एक, पाण्याचं तापमान, ते वर सांगितलं. दुसरी, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर स्वतःच्या मूळ हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय, तो आकडा.

शून्याच्या आसपास पाच टक्के इकडेतिकडे, ठीक. ई-२० मुळे जुन्या गाडीत तो तीन-चार टक्के अधिककडे सरकतो, तेही ठीक. अधिक पंधरा-वीस म्हणजे त्याला हवा जास्त दिसतेय: इनटेकचा फाटका पाइप, गाडीतलाच थकलेला पेट्रोल पंप, किंवा सायलेन्सरच्या वरच्या भागातली फट. या फटीतून बाहेरची हवा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचते आणि कॉम्प्युटर फसून पेट्रोल वाढवतो. उणे पंधरा म्हणजे इंजेक्टर गळतोय किंवा दाब जास्त आहे. आणि ट्रिम शून्यावर, तापमान नव्वदीत, तरीही गाडी पितेच आहे? मग परत चाकांकडे जा, काहीतरी सुटलंय.

क्लचही इथंच तपासा. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय.

पीयूसीच्या कागदावरून काही समजतं?

नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल तर समजतं. जुने कागद काढा आणि सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा बघा. दर वेळी ०.१ येणारा आकडा यंदा ०.४ आला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, गाडी पास झाली असली तरी.

एसीने किती फरक पडतो?

हायवेला कमी, गावात जास्त. सिग्नलवर नुसत्या उभ्या छोट्या गाडीला तासाला अर्धा ते एक लिटर लागतं, एसी लावला की वरचं टोक. मे महिन्यात एसी बंद ठेवा असं मी कोणाला सांगणार नाही, सोलापूर आहे हे. पण कंडेन्सर, म्हणजे एसीची पुढची जाळी, धुवून घ्या. त्यात धूळ आणि किडे अडकले किंवा गॅस कमी झाला की आत थंड व्हायला वेळ लागतो, कॉम्प्रेसर सुटतच नाही, सलग ओढत राहतो.

पुण्याला जाताना पूर्वी १८ मिळायचं, आता १५. गाडी ठीक आहे म्हणतात.

पूर्वी किती वेगाने जायचात? चौपदरी रस्ता झाल्यापासून अडीचशे किलोमीटर आपण कधी ८० ने जायचो तेच विसरलो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त. एकदा मुद्दाम टेंभुर्णीपर्यंत ८० ने जाऊन मोजा. वर रिकामा कॅरिअर असेल तर तोही काढून ठेवा.

तुळजापूरचा घाट उतरताना न्यूट्रल करतो. वाचतं ना?

इंजेक्शनच्या गाडीत उलट जातं. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. आणि ब्रेक तापतात, ते वेगळंच. भवानी मातेच्या दर्शनाला गेलाय, तिच्यावर इतका भार टाकू नका.

डिझेलच्या जुन्या जीपला काय बघायचं?

धुराचा रंग. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), किंवा नोझल ठिबकतंय. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा सकाळी थोडा चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर डिझेल न जळताच जातंय किंवा पाणी येतंय. पंप कॅलिब्रेशन करताना “पिकअप वाढवून द्या” म्हणून सांगितलेलं असेल तर पिकअप वाढला असेल आणि ॲव्हरेज त्याच हिशोबाने गेलं असेल. दोन्ही मिळत नाही.

मोटरसायकलचं?

मेन स्टँडवर लावा, मागचं चाक फिरवा. मागचा ब्रेक आवळलेला आणि चेन सुकलेली किंवा ताठ, ही दोन कारणं बहुतेक वेळा पुरतात. बऱ्याच कम्युटर गाड्यांत चेन मधोमध दोन-तीन सेंटिमीटर हलायला हवी. नंतर चोक पूर्ण सुटतो का बघा, क्लचच्या दांडीला थोडी ढील आहे का बघा, मग कार्बोरेटर. टॅपेट आवळलेले असतील तर गाडी गरम झाल्यावर दम सोडते.

स्कूटरला चेन नसते, पण बेल्ट आणि रोलर झिजतात. इंजिन ओरडतं आणि गाडी उशिरा निघते, तर बेल्टचं झाकण उघडायला सांगा.

सीएनजीवर पडलं तर?

किटचा फिल्टर आणि प्लग आधी. सीएनजीला ठिणगी ताकदीची लागते, थकलेला प्लग पेट्रोलवर चालतो आणि गॅसवर मिस मारतो. भर दुपारी भरलेल्या सिलिंडरमध्ये किलोने गॅस कमी बसतो, म्हणून “एका सिलिंडरला किती जाते” असं न मोजता किलोने भागा. गाडी किती वेळ पेट्रोलवर राहते तेही बघा.

पेट्रोलचा वास येतो थोडा. ते कारण असेल?

आधी ते काम करा, ॲव्हरेज नंतर. उन्हाने कडक झालेला पाइप किंवा क्लॅम्प गळत असेल तर तो आगीचा प्रश्न आहे. गाडी घरात, गॅस शेगडीच्या भिंतीला लागून उभी करू नका. आणि दुचाकी रात्री बोळात उभी असेल, वास नाही, गळती नाही, तरी पेट्रोल कमी होतंय, तर पाइप काढून कोणी बाटली भरून नेत नाही ना तेही बघा. रात्रीचा आणि सकाळचा काटा पुरेसा आहे.

बाटलीतलं औषध, पाइपला लावायचं चुंबक?

चुंबक फ्रिजला लावा. इंजेक्टर सफाईचं औषध खरंच घाण झालेल्या इंजेक्टरला थोडी मदत करू शकतं. धरलेल्या ब्रेकला ते काही करत नाही.

मिस्त्री हाफ इंजिन (इंजिन खोलून रिंगा वगैरे बदलणं) करायला सांगतोय. करू?

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायला सांगा, सगळ्या सिलिंडरचं, आणि आकडे लिहून घ्या. एखादा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून परत मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. हे न करता कोणी इंजिन खोलायला निघाला तर गाडी परत घेऊन या.

आणि हिशोब करा. महिन्याला ८०० किलोमीटर, ॲव्हरेज १४ चं १६ झालं तर सात लिटर वाचतात. लिटरला १०५ धरले तर साडेसातशे रुपये. हाफ इंजिनाचे पैसे निघायला किती वर्षं, तुम्हीच बघा. तेल पीत असेल, निळा धूर असेल, तर इंजिन करायला कारण आहे. नुसत्या ॲव्हरेजसाठी नाही.

गॅरेजला गेल्यावर नेमकं काय सांगायचं?

“ट्युनिंग करा” असं सांगू नका, त्याचा अर्थ प्रत्येक गॅरेजमध्ये वेगळा. वही दाखवा. कधीपासून पडलं, किती पडलं, त्याआधी काय काम झालं होतं, चाकं मोकळी आहेत की नाहीत, काटा कुठं थांबतो, एवढं सांगा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक टाकी चालवा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पाचही बदलाव्या लागतात.

काढलेला पार्ट मागून घ्या, किंवा निदान टाकू नका म्हणा. माझा थर्मोस्टॅट परत बसवायचं ठरलं तेव्हा नवा मागवायचा होता. मिस्त्रीने पत्र्याचा डबा पालथा केला, जुने रिले, बुश, वॉशर यांत तो निघाला. शेजारच्या टपरीवरून किटलीभर उकळतं पाणी आणलं आणि तगारीत ओतून त्यात सोडला. अर्ध्या मिनिटात झडप सावकाश उघडली. पाणी जरा निवल्यावर परत मिटली.

“चालूय की ओ हा,” तो म्हणाला. मग तोच बसवला. पैसे घेतले फक्त गॅस्केटचे.